हद्दवाले

सन १९२६, फाल्गुन वद्य पंचमी. सुपारी बत्तीस मण, दर साडेअकरा रुपये, एकूण रुपये तीनशे अडुसष्ट. पैकी इसारा रुपये पन्नास रोख पावले. हजर : मी, रेवदंड्याचे व्यापारी आणि मचव्याचा तांडेल.

हे टिपण मी त्याच दिवशी संध्याकाळी लिहिले होते आणि माझ्या समजुतीने ते पुरे होते. दोन वर्षांनी अलिबागेस एका ओटीवर, ज्या गृहस्थांविषयी मी हे लिहीत आहे त्यांनी तो कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि माझ्या हातात परत दिला.

"तारीख आहे, रक्कम आहे, माणसं आहेत," ते म्हणाले. "जागा कुठाय?"

"समुद्रात," मी म्हटले.

ते इतका वेळ माझ्याकडे बघत राहिले की त्यांना ऐकू आले नसावे असे मला वाटले. मग आत तोंड करून त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, ऐकलंस का? चहा टाक. या गृहस्थांनी करार समुद्रात केलाय!"

एखाद्याला मुलगा झाल्याचे कळावे तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी मात्र तीनशे अठरा रुपये कसे वसूल होतील हे विचारायला श्रीवर्धनाहून आगबोटीने आणि पुढे टांग्याने, पदरचे पैसे खर्चून आलो होतो. मला त्या आनंदात भाग घेता आला नाही.

अलिबागेत त्यांना सगळे हद्दवाले म्हणत. वकील पुष्कळ होते. कोणी जमिनीचे, कोणी फौजदारीचे. हे हद्दीचे. पनवेलीपासून महाडापर्यंत ज्या व्यापाऱ्याला कोणाचे देणे द्यायचे नसे, तो यांची ओटी गाठी. देणे खरे की खोटे यात ते कधी पडत नसत. प्रतिवादीतर्फे उभे राहिले की त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे. "खरंखोटं नंतर, रावसाहेब. आधी कुठे?" मग ते बोटांवर मोजीत सांगत. करार एका गावी झाला, माल दुसऱ्या गावी पोचला, पैसे तिसऱ्या ठिकाणी द्यायचे ठरले आणि माणूस राहतो चौथ्या ठिकाणी. तेव्हा हा दावा या कोर्टात चालत नाही. दहापैकी सात वेळा तो चालत नसे. दावा परत होई. फिर्यादी नव्याने दुसऱ्या कोर्टात जाई, तिथेही असेच काही निघे, आणि तिसऱ्या फेरीत तो थकून निम्म्यावर तडजोड करी. एका दाव्यात देणे शाबीत झाले की नाही असे मी त्यांना एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "कोणास ठाऊक. आम्ही तिथपर्यंत गेलोच नाही."

मला आधी वाटे, हा त्यांचा धंदा आहे. पाच-सहा खेपांनंतर कळले की हा त्यांचा पिंड आहे.

त्यांच्या घरी ओटीवरचे बोलणे माजघरात चालत नसे आणि माजघरातले स्वयंपाकघरात. एकदा मी बसलेलो असताना त्यांची बायको दाराशी येऊन म्हणाली, "तेल संपलंय. तीन दिवस सांगतेय."

"हा विषय इथला नाही. माजघरात मांड."

"माजघरात तुम्ही येता कधी?"

"जेवायला येतो."

"जेवताना काढला तर म्हणता, ताटावर बसलेल्या माणसापुढे तक्रार चालत नाही. मग मांडू कुठे? विहिरीवर?"

त्यांनी जरा विचार केला. खरोखरच केला. "विहीर शेजाऱ्यांशी सामाईक आहे," ते म्हणाले. "तिथे त्यांनाही बोलवावं लागेल."

ती माउली माझ्याकडे बघून म्हणाली, "जाताना वाण्याकडे शेरभर तेल पाठवायला सांगा हो," आणि आत गेली. मी सांगितले. पैसे पुढच्या खेपेस तिने मला मोजून दिले.

बाजारात भाजीवाली त्यांना लांबूनच ओळखी. "वकीलबुवा, वांगी घ्याची हायती का कोरट भरवाचा हाय?" ती विचारी. शेजारच्या दोघांचा नारळावरून तंटा होता. झाड एकाचे, नारळ पडला दुसऱ्याच्या अंगणात. दोघे यांच्याकडे आले, तर यांनी पहिला प्रश्न विचारला की नारळ आधी कुंपणावर आपटला का. दोघांनाही ते ठाऊक नव्हते. ते दोघे नारळ तिथेच ओटीवर टाकून गेले आणि त्याची चटणी मीही खाल्ली.

कायद्यातले दोन तुकडे त्यांच्या तोंडात कायम असत. एक, माणूस जिथे "प्रत्यक्ष आणि स्वखुशीने" राहतो तिथे त्याच्यावर दावा लावता येतो. कोणी पत्ता सांगितला की ते लगेच विचारीत, "तिथे स्वखुशीने राहता का?" लग्न झालेली माणसे हसत. ते हसत नसत. उत्तराची वाट बघत. दुसरा तुकडा मुदतीचा. चुकीच्या कोर्टात खरेपणाने घालवलेले दिवस मुदतीतून वजा होतात. त्यांना कोणी वय विचारले तर ते चव्वेचाळीस सांगत, आणि ते साठीला टेकलेले होते हे उघड दिसत होते.

"बाकीची वर्षं?" मी एकदा म्हटले.

"वजा केली," ते म्हणाले.

आता माझ्या दाव्याविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर त्यांचा स्वभाव नुसता गमतीचा वाटेल.

आमच्या वाडीतल्या शंभर पोफळी माझ्या आत्याच्या नावाने वेगळ्या काढलेल्या होत्या. आत्या सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. तेव्हा आजोबांनी तोंडी सांगून ठेवले की या झाडांचे उत्पन्न तिचे. तिला लुगडे हवे, तीर्थाला जायचे, कोणाच्या मुंजीत चार आणे घालायचे, ते ती त्यातून करी आणि कोणाला विचारत नसे. त्या वर्षीच्या बत्तीस मणांत चौदा मण तिचे होते, अठरा आमचे. माल एकत्र विकायचा हे मी ठरवले होते.

व्यापारी रेवदंड्याचे. मुंबईस मांडवीला गाळा होता, तो भावाच्या नावावर. त्या दिवशी ते आगबोटीने खाली बाणकोटास चालले होते. उतरायला वेळ नाही असा निरोप आला म्हणून मी नमुन्याची पिशवी घेऊन मचव्यातून आगबोटीकडे गेलो. ते शिडीने मचव्यात उतरले, फळीवर बसले. अडकित्त्याने पाच सुपाऱ्या कातरून त्यांनी आतला रंग पाहिला. मग उपरण्याखाली माझा हात धरून बोटांनी दर सांगितला. मी नाही म्हटले, त्यांनी आणखी एक बोट दाबले, मी हो म्हटले. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि पन्नास रुपये दिले. एवढे होईपर्यंत मचवा लाटेवर वरखाली होत होता आणि किनारा आपण कधी सोडला, आगबोट किती हात लांब आहे, इकडे माझे लक्ष नव्हते. माल चौथ्या दिवशी चढला. पैसे आले नाहीत. पत्र आले की सुपारी भिजलेली निघाली.

माझे वडील म्हणाले, "नाही आले तर नाही. पुढच्या सालापासून तिची झाडं आपल्यातच धरू. तिला ही विक्रीची यातायात कशाला? वर्षाला दोन लुगडी घरातून मिळतील." त्यांनी हे वाईट बुद्धीने म्हटले नव्हते. पण आत्या त्या दिवशी जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मला वाडीत गाठून म्हणाली, "माझे पैसे तू बुडवलेस असं मी म्हणत नाही. पण लुगड्यासाठी मी दादाच्या तोंडाकडे बघणार नाही. तू ते पैसे आण."

आमचे गाव संस्थानी हद्दीत. रेवदंडा, अलिबाग, मुंबई ही सगळी इंग्रजी हद्द, आणि रेवदंडा अलिबागच्या कोर्टाखाली. मी आधी संस्थानच्या कोर्टात दावा लावला, कारण ते जवळ आणि स्टँप स्वस्त. व्यापाऱ्यांनी उत्तर दिले की मी संस्थानात राहत नाही आणि करारही तिथे झालेला नाही. तांडेलाची साक्ष झाली.

"करार झाला तेव्हा मचवा कुठे होता?" न्यायाधीशांनी विचारले.

"पान्यात, सायब."

"कुठल्या पाण्यात?"

"खाऱ्या."

"अरे, किनाऱ्यापासून किती लांब?"

"कवा लांब, कवा जवल. मचवा काय खुट्याला बांदला व्हता?"

दावा परत झाला. न्यायाधीशांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही दुसरे काही लिहिता आले नसते. मग मुंबईस नोटीस पाठवली, तर भावाने कळवले की गाळा माझा आहे, भाऊ रेवदंड्यास असतात. रेवदंड्यास नोटीस पाठवली, तर उत्तर आले की मी मुंबईस असतो, इथे फक्त आई व बायको राहतात. एक माणूस दोन गावांच्या मध्ये कुठेतरी राहत होता आणि टपालवाल्याखेरीज त्याच्यामागे कोणी धावू शकत नव्हते.

अशा वेळी कोणीतरी मला हद्दवाल्यांचे नाव सांगितले. सांगणाऱ्याने बजावलेही, "पण जपून. ते दावे बुडवणारे आहेत."

त्या पहिल्या खेपेस चहा झाल्यावर त्यांनी स्वच्छ नकार दिला. "मी फिर्यादीचं काम घेत नाही. मला कोर्ट चुकवता येतं. गाठता येत नाही."

"पण तुम्हाला रस्ते ठाऊक आहेत."

"म्हणूनच सांगतो. तुमचा करार कोणाच्याच हद्दीत झालेला नाही. इतकी वर्षं मी असा करार मिळावा म्हणून थांबलो होतो. आणि आला तो फिर्यादीच्या बाजूने!" त्यांना मनापासून वाईट वाटले होते. करार फुकट गेल्याबद्दल.

पुढच्या खेपेस आत्या माझ्याबरोबर आली. तिने आगबोटीत काही खाल्ले नव्हते, प्रवासाने ती पिवळी पडली होती. ओटीवर बसल्या बसल्या ती म्हणाली, "काय लिहायचं ते लिहा. मी सही करते. मला येते."

त्यांनी नकार द्यायला तोंड उघडले असावे. पण कागद पुढे असला की त्यांचा हात राहत नसे. त्यांनी टाक उचलला आणि सवयीने विचारले, "राहणार कुठे?"

"तेच तर मलाही कोणी सांगत नाही," आत्या म्हणाली. "सासरी विचारलंत तर म्हणतील, ती माहेरी असते. माहेरी विचारलंत तर म्हणतील, ती अमक्यांची सून. तीस वर्षं झाली. माझं म्हणावं असं त्या शंभर पोफळी. आणि त्यांचीही मुळं दादाच्या जमिनीत."

"तिथे स्वखुशीने राहता?" हा प्रश्न त्यांनी नेहमीपेक्षा हळू विचारला.

"झाडं आहेत तोवर," आत्या म्हणाली.

त्यांनी टाक खाली ठेवला. त्यांची बायको दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "घ्या हो काम. एकदा तरी कोणाला पोचवा."

"हे ओटीवरचं काम आहे, तू..."

"मी ओटीवरच उभी आहे."

त्यांनी काम घेतले. पण मला त्यापुढचे चार महिने सुखाने झोप लागली असे म्हणता येणार नाही. त्यांचे मला पत्र आले, त्यात लिहिले होते, 'कागद पुन्हा पाहिले. प्रतिवादीचे म्हणणे मला पटत चालले आहे.' दुसऱ्या पत्रात, 'अलिबागचे कोर्ट बरोबर नाही याला पाच कारणे सापडली. उत्तर एकालाही नाही.' मी उत्तर लिहिले की कारणे प्रतिवादीच्या वकिलास न कळवण्याची कृपा करावी.

तारीख माघात होती. कोर्टात बरीच गर्दी जमली होती. हद्दवाले फिर्यादीतर्फे उभे राहणार म्हणून दुसऱ्या दाव्यांचे वकीलही आले होते. प्रतिवादीचा वकील तरुण होता आणि आमच्या वकिलांची भाषणे ऐकूनच तयार झालेला होता. तो उठला आणि म्हणाला, "खरंखोटं नंतर, रावसाहेब. आधी कुठे?" सगळे कोर्ट हसले. न्यायाधीशही हसले. हद्दवाल्यांनी मान खाली घातली. पुढे त्या वकिलाने जे जे सांगितले, त्याला ते बसल्या जागी होकाराची मान हलवत होते. मी त्यांच्या कोटाची बाही ओढली.

मुंबईच्या खोलीच्या भाडेपावत्या दाखल झाल्या. अकरा वर्षांच्या. मग प्रतिवादी पिंजऱ्यात उभे राहिले आणि हद्दवाल्यांनी प्रश्न विचारायला उठायचे होते. ते उठले. हातातले कागद त्यांनी एकेक करून उलटे ठेवले. न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिले.

"मुंबईस किती वर्षं?" त्यांनी विचारले.

"अकरा."

"जेवता कुठे?"

"खानावळीत."

"रेवदंड्यास कधी जाता?"

"सणावारी. पाहुण्यासारखा जातो."

"कुठल्या सणाला?"

"शिमग्याला जातो. गणपतीत जातो."

"गणपतीत पाहुणे म्हणून जाता?"

तरुण वकील अर्धा उठला, पण आक्षेप कशाला घ्यायचा हे त्याला समजले नसावे.

"तुमचा गणपती कुठे बसतो?"

आमच्या मुलखाबाहेरच्या माणसाला यात काय अवघड होते ते कदाचित कळणार नाही. 'मुंबईस' एवढा एक शब्द पुरे होता. शहानिशा करायला कोणी मांडवीच्या खोलीत जाणार नव्हते. तो शब्द आला असता तर दावा त्याच क्षणी परत झाला असता. पण तिथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांचे कोणी ना कोणी मुंबईस गिरणीत, गोदीत, पेढीवर होते. ते वीस-वीस वर्षे चाळीत राहत आणि भाद्रपद आला की घरी येत. घर म्हणजे जिथे गणपती बसतो ते. आई रेवदंड्यास जिवंत असताना, अलिबागेच्या भर कोर्टात शपथेवर, गणपती घरातून हलवला असे म्हणायचे! व्यापाऱ्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसले.

"रेवदंड्यास," ते म्हणाले.

"मोठ्याने सांगा," कारकून म्हणाला.

"रेवदंड्यास. आजोबांपासून."

हद्दवाले खाली बसले. आणखी काही विचारले नाही. दुपारी न्यायाधीशांनी आक्षेप काढून टाकला आणि म्हणाले, दावा या कोर्टात चालेल, आता पुरावा सुरू करा.

तेव्हा आमचे वकील माझ्या कानाशी वाकले. "आता काय असतं?"

मला वाटले ते थट्टा करतात.

"नाही, खरंच विचारतो. आता पुढे काय करतात? माल पोचल्याची पावती आधी की तांडेल आधी?" दाव्याच्या पुढचे कागद त्यांनी बांधलेल्या दोऱ्यातून सोडवलेच नव्हते. इतक्या वर्षांत ते या दारापर्यंत आले होते, आत कधी गेले नव्हते. त्या क्षणी मला ते फार म्हातारे दिसले. मी न्यायाधीशांकडे थोडा वेळ मागायला सांगितले. तेवढे त्यांना जमले.

वाचवले ते आत्याने. ती व्हरांड्यात बसली होती. व्यापारी बाहेर आले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"आत्याबाई, माल भिजलेला आला, हे मी आजही म्हणेन."

"आगबोटीत भिजला असेल. माझ्या खळ्यात फाल्गुनात पाऊस पडत नाही."

"पंधरा मण काळी निघाली."

"मग परत का नाही धाडलीत? विकलीत ना?"

व्यापारी उपरणे सारखे करू लागले.

"कितीला विकलीत?"

व्यापारी ओशाळे हसले. "वकील तुम्हीच व्हायला हवं होतं."

"मला आत कोण घेतो! तुमची आई बरी आहे का?"

"आहे. गुडघे गेलेत."

"तिला सांगा, श्रीवर्धनची विचारत होती म्हणून."

ते थोडे फिरून आले आणि माझ्याकडे न बघता तिलाच म्हणाले, "तीनशे देतो. आज दीडशे, होळीला दीडशे. व्याज आणि खर्च मागू नका. धंदा बसलाय माझा." आत्याने माझ्याकडे पाहिले. मी मनात हिशेब केला. मुद्दलात अठरा कमी, तीन वर्षांचे व्याज गेले, दोन्ही कोर्टांचा आणि प्रवासाचा खर्च सत्तरावर गेला होता. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "द्या. पण आजच्या दीडशेत माझे आधी."

हद्दवाल्यांनी तडजोडीचा कागद इतक्या झपाट्याने लिहिला की कारकुनाला नवल वाटले. आता देणे शाबीत करावे लागणार नव्हते.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो होतो. आत्या आत त्यांच्या बायकोशी बोलत होती. मी त्यांना विचारले, "तो प्रश्न तुम्हाला सुचला कसा?"

"तुम्ही मला विचारा, माझा कुठे बसतो."

"कुठे बसतो?"

"कुठेच नाही." ते काठीने जमिनीवर काही काढत होते. "चौलास थोरल्या भावाकडे बसतो. वाटणीत घर त्याला गेलं. गणपती कोणाला गेला, ते लिहायचं राहिलं. मी म्हटलं, तो घराबरोबर जात नाही, आळीपाळीने यावा. त्याने ऐकलं नाही. मी दावा लावला. मी फिर्यादी होतो."

"मग?"

"परत आला. असला विषय या कोर्टाला ऐकता येत नाही म्हणाले. थोरल्याच्या वकिलाने पहिल्याच दिवशी उठून आक्षेप घेतला. मी सगळं पाठ करून गेलो होतो, वडिलांच्या वेळचं, कोण मूर्ती आणी, कोण नारळ फोडी. एक शब्द कोणी ऐकला नाही." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "तेव्हा पाहिलं, की दारातच अडवणं फार सोपं आहे."

"त्यानंतर चौलास गेला नाहीत?"

"एकोणीस वर्षं."

त्यांनी फी पंचवीस रुपये सांगितली. मी पैसे काढले, पण त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "तुमची वाट चौलावरूनच आहे. थोरल्याला द्या. गणपतीच्या खर्चात माझा वाटा सव्वा रुपया असे. यंदाचा धरून वीस वर्षांचे होतात."

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या वाटेवर चौलास टांगा थांबवून मी त्या घरी गेलो. थोरले भाऊ वाडीत पाणी लावत होते, तसेच ओल्या पायांनी आले. मी सांगितले ते त्यांनी ऐकले आणि पैसे दोनदा मोजले. त्यांची बायको बाहेर येऊन म्हणाली, "पैसे आले? आणि भावोजी?"

थोरल्यांनी पैशांतून सव्वा रुपया वेगळा काढून माझ्या हातात ठेवला. "मागचे ठेवून घेतो. यंदाचा असा दुसऱ्याच्या हातून घ्यायचा नाही. त्याला म्हणावं, आणून दे."

तो सव्वा रुपया मी रेवदंड्याहून आगबोट धरण्यापूर्वी अलिबागेस मनिऑर्डरने, कुपनावर निरोप लिहून, पाठवला. पोच आली. सहीखेरीज तीत एक अक्षर नव्हते.

पुढचा हिशेब असा. पहिल्या दीडशेतून आत्याला तिच्या वाट्याचे एकशे एकतीस रुपये चार आणे पूर्ण पावले. त्यातून तिने लुगडे घेतले आणि उरलेले पोस्टात ठेवले. झाडे तिच्याकडेच राहिली. होळीचे दीडशे व्यापाऱ्यांनी वैशाखात दिले, ते आणि पहिल्यातले उरलेले मिळून एकशे अडुसष्ट रुपये बारा आणे आमच्या घरी जमा झाले. आणि भाद्रपदात, चतुर्थीच्या दिवशी सकाळी, हद्दवाले चौलास गेले. हे मला थोरल्यांच्या बायकोने कार्तिकात सांगितले. त्यांनी सव्वा रुपया भावाच्या हातात दिला आणि आरती होईपर्यंत ओटीवर उभे राहिले. आत या म्हणून दोघांनीही म्हटले, पण ते आत गेले नाहीत. चार आणे त्याच दिवशी नारळाला खर्च झाले. रुपया थोरल्यांनी मोडला नाही.